संसदेची समिती आणि आपली वही

उरवड्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एकीने विचारलं, "शेतीची धोरणं दिल्लीत ठरतात, तिथे आपलं ऐकतं कोण?"

ऐकण्याची एक जागा आहे: संसदेची कृषीविषयक स्थायी समिती. तिच्यात लोकसभेचे 21 आणि राज्यसभेचे 10, असे वेगवेगळ्या पक्षांचे 31 खासदार असतात. मंत्र्यांना मात्र तिथे जागा नाही. कृषी खात्याचा खर्च आणि विधेयकं ही समिती तपासते, अधिकाऱ्यांना बोलावून प्रश्न विचारते.

कधी ती गावातही जाते. मार्च 2012 मध्ये ती यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगाव आणि भांबराजा इथे गेली. बीटी कापसाने भरभराट होते असं सांगितलं जात होतं. गावकऱ्यांनी वाढता खर्च, कर्ज आणि आत्महत्या मांडल्या. ऑगस्टमध्ये अहवाल संसदेत आला: जनुकबदल पिकांच्या शेतातल्या चाचण्या थांबवा.

समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते. पुढे चाचण्यांना मंजुऱ्या मिळाल्याच. पण शिफारशीवर काय केलं, याचं उत्तर सरकारला द्यावं लागतं, आणि गावाचं म्हणणं संसदेच्या कागदावर राहतं.

समिती जाहिरात देऊन लोकांकडून लेखी निवेदनंही मागवते. तेव्हा आपल्या हाती काय असेल? म्हणून आम्ही ठरवलंय, या खरिपात भाताचं बियाणं, खत, मजुरी आणि विक्री, सगळं गटाच्या वहीत लिहायचं. बाईची स्वतःची मजुरीसुद्धा! तोंडचं गाऱ्हाणं विरून जातं, वहीतला आकडा राहतो.