लाकूड पेटलंय, पण धूर कुठाय?

भर पावसाळ्यात भीमाशंकरच्या जंगलात रात्री फिरायला मिळालं, तर एक काम नक्की करा. टॉर्च बंद करा! घाबरू नका, गावातला वाटाड्या सोबत आहेच. आता पंधरा-वीस मिनिटं मोबाइलकडेही बघायचं नाही. डोळ्यांना अंधार सरावायला तेवढा वेळ लागतोच.

दिसलं काही? ती पडलेली फांदी बघा. सालीच्या भेगांतून फिकट उजेड येतोय. धूर नाही, ठिणगी नाही, ऊबही नाही!

हा उजेड लाकडाचा नव्हे, लाकूड खाणाऱ्या बुरशीचा. तिचे बारीक धागे ओल्या, मेलेल्या लाकडात शिरतात आणि ते हळूहळू पचवतात. या बुरशीत ल्युसिफेरिन नावाचं रसायन असतं. एका विकराच्या मदतीने त्याचा ऑक्सिजनशी संयोग झाला, की प्रकाश बाहेर पडतो. काजव्याचा दिवाही साधारण असाच लागतो, फक्त त्याचं ल्युसिफेरिन वेगळं.

गंमत म्हणजे हीच फांदी फोटोत हिरवीगार दिसते आणि आपल्याला मात्र पांढुरकी. कॅमेरा थापा मारत नाहीये बरं! प्रकाश हिरवाच असतो. पण मिणमिणत्या उजेडात आपल्या डोळ्यांतल्या ज्या पेशी काम करतात, त्यांना रंग ओळखता येत नाहीत.

पण दिवा लावून बुरशीला मिळतं काय? ब्राझीलमधल्या एका चमकणाऱ्या अळंबीसाठी शास्त्रज्ञांनी हे तपासून पाहिलं. त्यांनी प्लॅस्टिकच्या खोट्या अळंब्या केल्या, काहींच्या आत हिरवे एलईडी बसवले आणि वरून चिकट पदार्थ लावला. उजेडवाल्या अळंब्यांना जास्त कीटक चिकटले! हा प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. असे कीटक अळंबीचे बीजाणू दूरवर पोचवत असावेत, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

आता मुक्कामाचं. अभयारण्यात वाटेल तिथे तंबू ठोकता येत नाही, वनखात्याची परवानगी लागते. तंबू जवळच्या गावात असला, तरी शेकोटीसाठी जंगलातलं लाकूड उचलू नका. बुरशी त्या लाकडाची माती करते, त्या मातीवर आंबा-जांभूळ वाढतात आणि ती फळं शेकरू खातं. शेकरू म्हणजे आपला राज्यप्राणी. त्याच्यासाठीच तर भीमाशंकर १९८५ साली अभयारण्य झालं. जमिनीवर क्वचितच उतरणाऱ्या या खारीचा खाऊसुद्धा खालच्या कुजक्या फांदीपासून सुरू होतो!

मग सांगा पाहू, ती फांदी शेकोटीत घातली असती, तर कोणाकोणाचं जेवण जळालं असतं?