पार्सल दारात, धूर उरात

चूल फुंकून फुंकून डोळे चुरचुरलेली आजी तुम्ही पाहिली असेल. तुमच्यापैकी कित्येकींनी स्वतःही चुलीपुढे वर्षं काढली असतील. धुरानं छाती कशी भरते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको! २०१६ साली उज्ज्वला योजना आली, बऱ्याच घरांत गॅस पोहोचला (सिलिंडर पुन्हा भरणं परवडतं का, हा वेगळाच विषय). पण त्याच घरातला मुलगा बारावी होतो, नोकरी काही लागत नाही, म्हणून पुण्या-मुंबईची वाट धरतो. पाठीला ती मोठी चौकोनी पिशवी लावतो आणि पुन्हा धुरातच जाऊन उभा राहतो. हा धूर चुलीचा नसतो, गाड्यांचा असतो, एवढाच काय तो फरक.

'शहरात राहायचं तर सगळ्यांनाच तीच हवा', असं कुणी म्हणेल. खरंच तीच असते का हो?

बघा ना, मोटारीत बसलेला माणूस काच वर करतो. सातव्या मजल्यावरची बाई खिडकी लावते, ऐपत असेल तर हवा शुद्ध करणारं यंत्रही घेते. हा मुलगा मात्र सिग्नलला ट्रकच्या मागे, धुराच्या नळकांड्यासमोर उभा. रस्त्यापासून जरा आत गेलं तरी धूर कमी होतो, पण याचं कामच रस्त्यावर. त्यात हिवाळ्यात संध्याकाळनंतर जमिनीलगतची हवा गार होते, वर जात नाही आणि धूर खालीच कोंडतो. नेमकी तीच रात्रीच्या जेवणाच्या ऑर्डरींची वेळ! काही सोसायट्यांत या मुलांना लिफ्ट वापरू देत नाहीत. मग पाच-सहा जिने चढायचे. धाप लागली की माणूस दुप्पट-तिप्पट हवा ओढतो, म्हणजे धूरही तितकाच जास्त. या मुलांमध्येही जो सायकलवर असतो, तो स्कूटरवाल्यापेक्षा जास्त दमतो. गाडी घ्यायला ज्याच्याकडे पैसे नाहीत, त्याच्या वाट्याला धूर अधिक.

या हवेतले 'पीएम २.५' नावाचे कण केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या हिश्श्याएवढे असतात. ते नाकात अडकत नाहीत, थेट फुफ्फुसाच्या तळाशी जातात. दमाच नव्हे, हृदयविकार आणि अर्धांगवायूशीही त्यांचा संबंध आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये वर्षाच्या सरासरीसाठी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम ही पातळी सांगितली. आपल्या देशाची मर्यादा आहे ४०.

१८ नोव्हेंबर २०२४ ला दिल्लीत हवेचा निर्देशांक ४९४ झाला. मोजपट्टीच ५०० ला संपते! शाळा ऑनलाइन झाल्या, दोन दिवसांनी दिल्ली सरकारच्या निम्म्या कर्मचाऱ्यांना घरून काम करायला सांगितलं. पण घरी बसलेल्यांना जेवण कोण पोहोचवणार? सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या संशोधकांनी चीनमधल्या तीन शहरांचा अभ्यास २०२१ मध्ये मांडला. पीएम २.५ शंभर मायक्रोग्रॅमनं वाढलं की बाहेरून जेवण मागवणं ४३ टक्क्यांनी वाढतं, असं त्यांना आढळलं. हवा जितकी वाईट, तितक्या ऑर्डरी जास्त. आणि पैसे ऑर्डरीवर मिळतात, मग 'आज हवा खराब आहे, नको जाऊ' असं कुणाला परवडतंय? महिन्याचा हप्ता, खोलीचं भाडं, गावाकडे पाठवायचे पैसे... आपण आईच त्याला विचारतो ना, 'या महिन्यात कमी का पाठवलेस रे?'

सामाजिक सुरक्षा संहिता २०२० साली संमत झाली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. अशा कामगारांसाठी कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम द्यायची, अशी तरतूद तीत आहे. अपघात, आरोग्य, म्हातारपण यांचा उल्लेखही आहे. तेव्हा मुलानं ई-श्रमवर नाव नोंदवलंय का, एवढं विचारून ठेवा.

आणखी एक. तोंडाला रुमाल बांधला की झालं, असं ही मुलं समजतात. रुमालानं धूळ अडते, हे बारीक कण नाही. त्यासाठी एन-९५ मास्क लागतो, तोही चेहऱ्याला घट्ट बसणारा. दाढी असेल तर कडेनं हवा शिरतेच. जिना चढताना त्यात गुदमरल्यासारखं होतं, हेही खरं. निदान सिग्नलला आणि मोठ्या रस्त्यावर तरी लावायला सांगा. फोनवर बोलताना तो सारखा खोकतोय असं वाटलं, तर 'हवा बदललीय' यावर समाधान मानू नका. दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला, तर जवळच्या सरकारी दवाखान्यात छाती तपासून घे म्हणावं.