पायऱ्या आणि शिलाई मशीन : गावच्या आराखड्यात दिव्यांग बायांचा वाटा



आज सुरुवातीला आम्ही आमचीच एक चूक सांगणार आहोत. आम्ही इकडं मुखेड-कंधार भागात आणि जिल्ह्याची शीव ओलांडून पलीकडं जळकोट-अहमदपूर भागात गटांचं काम करतो. या भागातल्या एका गावात बारा गट झाले. गावातली एकही गरीब बाई गटाबाहेर राहिली नाही, असं आम्ही बैठकीत अभिमानानं सांगत होतो. एकदा घरोघर फिरताना एका ओसरीवर एक ताई गोधडी शिवत बसलेल्या दिसल्या. लहानपणीच पोलिओनं त्यांचे दोन्ही पाय गेलेले. आम्ही विचारलं, "ताई, तुम्ही कोणत्या गटात?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मला कोण घेतंय? अन् घेतलं तरी तुमची बैठक वर सभागृहात. त्या पाच पायऱ्या मी चढू कशी?"

त्यांचं नाव रेशन कार्डात होतं, मतदार यादीत होतं. आमच्या यादीत नव्हतं. त्या पाच पायऱ्या दर आठवड्याला आम्ही चढत होतो, पण आम्हाला कधी दिसल्याच नाहीत.

पुढं त्यांच्या घरात आणखी एक गोष्ट दिसली. कोपऱ्यात पोत्यानं झाकलेलं शिलाई मशीन. दिव्यांग निधीतून मिळालेलं, पायानं चालवायचं! ज्या बाईचे पायच चालत नाहीत, तिला पायाचं मशीन. देणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पैसाही खर्च झाला, कागदावर लाभार्थीही झाली. फक्त घेण्याआधी तिला कोणी एका शब्दानं विचारलं नाही.

मैत्रिणींनो, आजचं सगळं बोलणं या पायऱ्यांवर आणि या मशीनवर आहे. सरकार दिव्यांगांसाठी योजना आखतं, पैसा ठेवतं. पण गावात कोण दिव्यांग आहे आणि तिला काय लागतं, हे तिला विचारून आराखड्यात लिहिलं नाही, तर पैसा पोत्याखाली जातो. हे विचारण्याचं आणि लिहून घेण्याचं काम आपले गट करू शकतात.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. आता दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ आहे. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि त्यात २१ प्रकार आहेत. डोळे, कान, हातपाय एवढंच आपल्याला माहीत असतं. पण स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मानसिक आजार, कुष्ठरोगातून बरे झालेले, ॲसिड हल्ल्यात भाजलेले, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हेही त्यात आहेत. किनवट-माहूरकडच्या आदिवासी पाड्यांत आढळणारा सिकलसेलही आहे. म्हणजे "तिला काय झालंय, चांगली हिंडती-फिरती आहे" असं आपण जिच्याबद्दल म्हणतो, तीसुद्धा कायद्यानं दिव्यांग असू शकते.

आता मोजणी बघा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग मोजले गेले. शंभरात साधारण अडीच-पावणेतीन माणसं. या हिशेबानं दोन हजार वस्तीच्या गावात पन्नासेक नावं निघायला हवीत. आणि त्या मोजणीत एकवीस प्रकार नव्हतेच. आता तुमच्या पंचायतीची यादी मागून बघा. दहा-बारा नावं निघाली तर बाकीची माणसं कुठं गेली? ती घरातच आहेत. कोणाची सून आतल्या खोलीत आहे, कोणाची लेक "सोयरीक मोडेल" म्हणून लपवलेली आहे. लपवण्यात बाईचाच नंबर आधी लागतो.

यादीत नाव आलं तरी बहुतेक लाभांसाठी प्रमाणपत्र लागतं, आणि ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व लागतं. त्यासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून दवाखान्यात तपासणी होते आणि युडीआयडी कार्ड मिळतं. ४० टक्क्यांच्या खाली पांढरं कार्ड, ४० ते ८० मध्ये पिवळं, ८० आणि वर निळं. हे कार्ड असलं की एसटीच्या सवलतीपासून संजय गांधी निराधार योजनेपर्यंत पुढचा रस्ता सोपा होतो. त्या योजनेत दिव्यांगांची महिन्याची मदत २०२५ मध्ये १५०० वरून २५०० रुपये केली आहे. पण जळकोटच्या टोकावरून आजारी लेकराला खांद्यावर घेऊन लातूर गाठायचं, एका दिवसाची मजुरी बुडवायची, आणि तिथं "पुढच्या वारी या" ऐकायचं, हे एकटीच्या आईला झेपत नाही. म्हणून आमच्या काही ग्रामसंघांनी सुरुवात केली की चार-पाच जणींचे अर्ज एकदम भरायचे, तारीख आधी विचारून घ्यायची आणि जीप वर्गणीतून करायची.

आता पैशाचं बोलू. आपल्या राज्यात ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी ठेवायचे आहेत. स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, बाजाराची वसुली. समजा वर्षाला चार लाख जमा झाले, तर दिव्यांगांचे वीस हजार. गावात पन्नास दिव्यांग असतील तर वाट्याला चारशे रुपये येतात. मग वर्ष संपता संपता डबा, घोंगडी, नाहीतर किरकोळ रक्कम वाटून निधी खर्च दाखवायचा. आपणही म्हणतो, चला, काहीतरी मिळालं.

आमचं म्हणणं असं, की हे ५ टक्के मागायचेच, तो हक्क आहे. पण तेवढ्यावर थांबायचं नाही. पंगतीत दिव्यांगांना कोपऱ्यात वेगळं छोटं ताट वाढायचं आणि मोठी पंगत बाकीच्यांची, असं होऊ द्यायचं नाही. मोठी पंगत म्हणजे गावचा विकास आराखडा, "आमचा गाव आमचा विकास". त्यात वित्त आयोगाचा पैसा येतो, रस्ता, नळ, अंगणवाडी, शाळेची दुरुस्ती येते. कायद्याचं कलम ३७ सांगतं की गरिबी निर्मूलनाच्या आणि विकासाच्या योजनांत, शेतजमीन आणि घरकुलाच्या वाटपात ४० टक्क्यांवरच्या दिव्यांगांना ५ टक्के आरक्षण आहे, आणि त्यात दिव्यांग महिलांना प्राधान्य आहे. "दिव्यांग महिलांना प्राधान्य" हे शब्द पाठ करून ठेवा. सभेत उपयोगी पडतात.

आणि जे बांधायचं ते सगळ्यांना वापरता येईल असंच बांधायचं, हेही कायद्यात आहे. अंगणवाडी बांधतानाच उतार केला तर थोडा खर्च, नंतर फोडून केला तर दुप्पट. पण उतारही नीट पाहिजे. हिशेब सोपा आहे: एक फूट उंचीला बारा फूट लांब उतार. आपल्याकडं तीन फूट उंचीला सहा फुटांचा उतार करतात. त्यावरून चाकाची खुर्ची वर जात नाही, आणि खाली येताना माणूस घसरतो. नळाचा चौथरा, शौचालयाचं दार, दवाखान्याची पायरी, सगळीकडं टेप लावून बघा. दार तीन फूट रुंद नसेल तर खुर्ची आत न्यायला अडचण येते.

न विचारता केलेल्या कामाचा मोठा धडा आपल्याच भागानं घेतला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसं गेली, कितीतरी जणांना कायमचं अपंगत्व आलं. नवी गावं वसवली तेव्हा शहरासारख्या सरळ रांगा आखल्या गेल्या. जनावरं कुठं बांधायची, सरपण कुठं ठेवायचं, शेजार कुठं गेला, हे प्रश्न घरं उभी राहिल्यावर निघाले. पण पुढं लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या शेकडो गावांत घरदुरुस्तीचं काम निघालं, तेव्हा स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीनं महिला मंडळांतल्या बायका संवाद सहायक झाल्या. सरकारी माणूस आणि घरमालक यांच्यात उभ्या राहून त्यांनी माहिती दिली, तक्रारी पोचवल्या. चौथी-सातवी शिकलेल्या बायांनी हे केलं. मग आपल्याला का जमणार नाही?

जगभरातल्या दिव्यांगांच्या चळवळीचंही हेच म्हणणं आहे: आमच्याबद्दल काही ठरवायचं तर आमच्याशिवाय नको. २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी दिव्यांगांच्या हक्कांचा करार केला तो याच पायावर. भारतानं २००७ मध्ये त्याला मान्यता दिली. ३ डिसेंबर २०२२ ला महाराष्ट्रानं दिव्यांग कल्याणाचा वेगळा विभाग सुरू केला. मुंबईत विभाग झाला. आता आपल्या गावच्या प्रोसिडिंग बुकात ठराव व्हायला पाहिजे.

तो कसा करायचा? २ ऑक्टोबरची ग्रामसभा जवळ आली आहे. त्याआधी हे करा.

पहिलं काम, यादी. प्रत्येक गटानं आपली गल्ली वाटून घ्यावी. आशाताई आणि अंगणवाडीताईंना सोबत घ्या. घरात शिरून "तुमच्यात कोणी वेडं-लंगडं आहे का?" असं विचारू नका. असं बोलणं माणसाला लागतं, आणि चारचौघांत दिव्यांगाचा मुद्दाम अपमान करणं कायद्यानं गुन्हाही आहे. "घरात कोणाला चालायला, ऐकायला, बोलायला, समजायला त्रास होतो का?" असं विचारा.

दुसरं, ज्याचं त्याला विचारा. नवऱ्याला, सासूला विचारून परत येऊ नका. ऐकू येत नसेल तर खुणेनं, चित्रानं विचारा. बोलता न येणाऱ्या लेकराच्या आईला निवांत बसून विचारा. कोणाला सायकल नको असेल, औषधाला जायचं भाडं हवं असेल. कोणाला लेकराच्या शाळेची काळजी असेल. ६ ते १८ वर्षांच्या अशा लेकरांचं शिक्षण मोफत आहे, हे त्या आईला सांगा. सेरेब्रल पाल्सीच्या लेकरांसाठी लातूरजवळ हरंगुळला संवेदना केंद्र आहे, हेही सांगा.

तिसरं, महिला सभा. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. ती वरच्या सभागृहात नको, शाळेच्या मैदानात नाहीतर पाराखाली घ्या. दिव्यांग तायांना आणायची जबाबदारी एकेका गटानं घ्यावी, आणि आपण त्यांच्या वतीनं बोलण्यापेक्षा त्यांनाच बोलू द्या.

चौथं, लिहून घ्या. "बघू, करू" हा ठराव नव्हे. कोणतं काम, कुठं, किती रुपयांचं, कोणत्या निधीतून, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या आणि वाचून दाखवायला सांगा. नंतर ई-ग्रामस्वराजवर आराखडा दिसतो. घरातल्या शिकलेल्या लेकीला तो मोबाईलवर उघडायला सांगा.

आणि पाचवं आपल्या घरातलं. आपल्या गटाचं दार उघडा. दिव्यांगांचा वेगळा गट करायचा असेल तर उमेद अभियानात पाच जणांचाही होतो, दहा लागत नाहीत. पण आहे त्या गटात जागा असेल तर तिथंच घ्या.

त्या गोधडीवाल्या ताईंचं पुढं काय झालं, ते सांगून थांबतो. आमची बैठक आता खाली, शाळेच्या ओट्याजवळ होते. त्या गटात आल्या, त्यांची बचत एकदाही चुकली नाही. महिला सभेत त्या उठल्या नाहीत, बसूनच बोलल्या: "मला नवीन काही नको, आहे त्या मशीनला मोटर बसवून द्या." दीड-दोन हजारांचं काम. पंचायतीनं ते केलं. आता त्या हातानं कळ दाबून ब्लाऊज शिवतात. सभागृहाला उतारही झाला, पण इतका उभा की त्यांना अजून वर जाता येत नाही. म्हणून यंदाच्या २ ऑक्टोबरच्या सभेत त्या टेप घेऊन येणार आहेत. आम्ही त्यांच्या शेजारी बसणार आहोत. तुमच्या गावात कोणाच्या शेजारी बसायचं, ते तुम्ही आजच शोधा.