स्वयंचलित प्रेषण द्रव, अल्पश्यान
मोटारगाडीच्या वेगाप्रमाणे गिअर आपोआप बदलणाऱ्या प्रेषणयंत्रणेत जे तेल भरतात, त्यास स्वयंचलित प्रेषण द्रव म्हणतात. हे केवळ वंगण नव्हे. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये ते शक्ती वाहून नेते, झडपांमधून दाब पोहोचवून क्लच जोडते व सोडते, क्लचच्या तबकड्यांमधील घर्षण ठराविक मर्यादेत राखते आणि निर्माण झालेली उष्णता बाहेर नेते. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने अशा द्रवाचे पहिले विनिर्देश १९४९ मध्ये प्रसृत केले. घर्षण नियंत्रित करण्यासाठी त्या काळी त्यात स्पर्म देवमाशाचे तेल मिसळीत. १९७० नंतर लवकरच ही प्रथा बंद पडली.

द्रव दाट असला, म्हणजे पंप चालविण्यात, दंतचक्रांनी तेल घुसळण्यात आणि सुटलेल्या तबकड्यांमधील ओढीत शक्ती वाया जाते. म्हणून त्याची श्यानता (दाटपणा) उत्तरोत्तर कमी करण्यात आली. १००° से. तापमानास डेक्सरॉन-३ ची श्यानता सुमारे ७·५ सेंटिस्टोक होती. २००५ मध्ये आलेल्या डेक्सरॉन-६ साठी ६·४ ही कमाल मर्यादा ठरली आणि नंतरचे काही द्रव ४·५ च्या आसपास आले. इंधनातील बचत मात्र एखाद-दोन टक्क्यांपलीकडे सहसा जात नाही.

तेल पातळ करणे सोपे, ते टिकविणे अवघड. पटल पातळ झाल्यास दंतचक्रांवर व धारव्यांवर खळगे पडतात, पंपातून गळती वाढते आणि दाब अपुरा पडून क्लच घसरतो. जुने द्रव आरंभी दाट असले, तरी त्यांतील लांब बहुवारिक रेणू कर्तनाने तुटत व वापरात तेल पातळ होई. नव्या द्रवात श्यानता निर्देशांक मुळातच उच्च असलेले, हायड्रोजन-प्रक्रियेने शुद्ध केलेले किंवा संश्लेषित मूलतेल घेतात. त्यामुळे बहुवारिक कमी लागते. परिणामी आरंभी पातळ असलेला द्रव अखेरीस जुन्यापेक्षा पातळ असतोच असे नाही. झीजरोधक फॉस्फरस संयुगेही त्यात घालतात.

भारतात प्रवासी मोटारींच्या सरासरी कार्बन डाय-ऑक्साइडाची मर्यादा २०१७ पासून दर किमी.ला १३० ग्रॅम व २०२२ पासून ११३ ग्रॅम झाल्याने अशा लहान बचतींनाही महत्त्व आले. परंतु ही बचत तेल थंड असताना सर्वांत अधिक असते. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड तालुक्यांसारख्या उष्ण प्रदेशात तेल लवकर तापते. थंड देशांतील आकडे तेथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. उलट कसाऱ्याहून (सुमारे ३०० मी.) इगतपुरीस (सुमारे ६०० मी.) किंवा मुरबाडहून माळशेज घाटात भरलेली गाडी मंद गतीने चढताना टॉर्क कन्व्हर्टरमधील घसरण वाढून तेल अतिशय तापते व आणखी पातळ होते. द्रवाची खरी कसोटी येथेच लागते. तेल थंड करणारी जाळी स्वच्छ राखणे येथे श्यानतेइतकेच महत्त्वाचे आहे.

घाटासाठी म्हणून दाट तेल भरणे हा त्यावरील उपाय नव्हे : झडपा मंदावून गिअर उशिरा पडतात. जुन्या पेटीत अत्यल्पश्यान द्रव भरणेही तितकेच हानिकारक असते. २०१४ पासून भारतात रूढ झालेल्या ‘एएमटी’ गाड्यांत टॉर्क कन्व्हर्टर नसतो. त्यांच्या गिअरपेटीत साधे गिअर-तेलच लागते. द्रवाचा तांबडा रंग ही केवळ ओळखीची खूण असून त्यावरून श्यानता कळत नाही. तो काळपट होऊन जळकट वास येऊ लागल्यास मात्र तबकड्या करपल्याची शक्यता असते.