रक्त पोहोचले, तरी हृदय थकलेलेच

हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाची बंद धमनी अँजिओप्लास्टीने उघडली जाते आणि नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. मात्र दुसऱ्या दिवशी इकोच्या अहवालात हृदयाचा एक भाग नीट आकुंचन पावत नसल्याचे आढळते. मग उपचार फसला का? त्याचे उत्तर पेशींच्या ऊर्जेच्या हिशेबात दडले आहे.

हृदयाच्या स्नायूला ऊर्जा मिळते ती एटीपी या रेणूपासून. हा साठा जेमतेम काही सेकंद पुरणारा असतो. त्यामुळे पेशीतील मायटोकॉन्ड्रिया प्राणवायूच्या साह्याने, मुख्यतः मेदाम्ले जाळून, तो अखंड भरत राहतात. रक्तपुरवठा थांबला की ही भट्टी विझते. पेशी प्राणवायूविना ग्लुकोज वापरून तग धरते. पण त्यातून आम्लता वाढते.

रक्त परतल्यावर क्रिएटिन फॉस्फेट हा राखीव साठा काही मिनिटांत भरून येतो. एटीपीचे तसे नाही. त्याच्या विघटनातून झालेले अ‍ॅडेनोसिनसारखे घटक पेशीबाहेर वाहून गेलेले असतात आणि ते नव्याने घडवण्यास काही दिवस लागतात. त्यातच पेशी पुन्हा मेदाम्लांवर भर देते. तेवढ्याच एटीपीसाठी मेदाम्लांना ग्लुकोजपेक्षा अधिक प्राणवायू लागतो. शिवाय ग्लुकोजचे ज्वलन अर्धवट राहून आम्लता वाढते. ती बाहेर टाकताना सोडियम आणि त्यापाठोपाठ कॅल्शियम आत शिरते. हे क्षार उपसण्यातच बरीच ऊर्जा खर्ची पडते. कॅल्शियमचा भार फारच वाढला, तर मायटोकॉन्ड्रियाच निकामी होऊन पेशी मरते.

जिवंत असूनही काम न करणाऱ्या अशा स्नायूला युजीन ब्राऊनवाल्ड व रॉबर्ट क्लोनर यांनी १९८२ साली ‘स्टन्ड मायोकार्डियम’, म्हणजे बधिर झालेला हृदयस्नायू, असे नाव दिले. एटीपीची तूट हे त्याचे एकमेव कारण नव्हे. आकुंचन घडवणारी प्रथिनेही कॅल्शियमला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत. पण हा स्नायू काही दिवसांत वा आठवड्यांत सावरू शकतो. म्हणूनच डॉक्टर काही आठवड्यांनी पुन्हा इको करण्यास सांगतात. पहिल्या अहवालाने खचून जाऊ नये आणि औषधेही परस्पर बंद करू नयेत.

मेलेला स्नायू मात्र परत येत नाही. बधिर की मृत, हे मुख्यतः धमनी किती वेळ बंद होती यावर ठरते. छातीतील कळ ‘गॅस’ समजून घरी घालवलेला प्रत्येक तास म्हणूनच महागात पडतो.