दिवा लागला, गाडी थांबली

(यंत्र बंद पडले की आपण घाईघाईने अंदाज बांधतो. अंदाज चुकला तर पैसा जातो, वेळ जातो आणि कधी कधी जिवावरही बेतते. मोटारगाडीतील बिघाड पायरीपायरीने कसा शोधावा, हे या पाठात एका अनुभवाच्या आधारे सांगितले आहे.)

मुलांनो, सोलापुरातील यंत्रमागांचा खडखडाट तुमच्यापैकी अनेकांनी ऐकला असेल. चादर विणताना आडवा धागा तुटला, की अनेक माग आपोआप थांबतात. तेव्हा विणकर मागावर रागावत नाही, की त्याला हातोडीने ठोकत नाही. तो वाकून धागा कुठे तुटला ते पाहतो, तो जोडतो आणि माग पुन्हा सुरू करतो. मोटारगाडीचेही असेच आहे. चालती गाडी एकाएकी बंद पडते, तेव्हा कुठेतरी एखादा 'धागा' तुटलेला असतो. तो शोधायचा कसा, ते आज पाहू.

माझ्या मामूंची एक मोटार आहे. ती भाड्याने चालते आणि तिच्यावरच त्यांचे घर चालते. एका एप्रिल महिन्यात ती दोनदा रस्त्यात बंद पडली. एका गॅरेजवाल्याने गाडी फारशी न तपासताच सांगितले, "पेट्रोलचा पंप गेला." मामूंनी उसने पैसे आणून नवा पंप बसवला.

मे महिन्यात आम्ही त्याच गाडीने पुण्याला निघालो. माझ्या मामेबहिणीला परिचारिकेच्या अभ्यासक्रमात प्रवेश मिळत होता. मूळ कागदपत्रे संध्याकाळी पाचच्या आत दाखवायची होती. मोहोळ मागे पडले आणि भर रस्त्यात इंजिन बंद झाले. मागून ट्रक हॉर्न वाजवत आला. स्टिअरिंग एकदम जड झाले. मामूंनी दोन्ही हातांनी ते फिरवून गाडी कशीबशी कडेला घेतली. अर्ध्या तासाने गाडी आपोआप सुरू झाली. आम्हांला वाटले, संकट टळले. पण टेंभुर्णीजवळ ती पुन्हा थांबली. शेवटी आम्ही बहिणीला एस. टी. त बसवून दिले. पाचला दहा मिनिटे कमी असताना ती कागदपत्रांच्या खिडकीपाशी पोहोचली. दहा मिनिटे! एक वर्ष वाया जाण्यात आणि न जाण्यात तेवढेच अंतर होते.

आता मला सांगा, नवा पंप बसवूनही गाडी का थांबली? कारण रोग एक होता आणि औषध दुसरेच दिले होते. हकीम आधी नाडी पाहतो, चार प्रश्न विचारतो आणि मगच औषध देतो. गाडीचा चांगला मिस्त्रीही तेच करतो. सोलापूरला परतल्यावर आम्हांला असा एक मिस्त्री भेटला. त्याने हातात पाना घेतलाच नाही. आधी विचारले, "भाई, गाडी थंड असताना बंद पडते, की तापल्यावर? थांबल्यावर लगेच सुरू होते, की काही वेळाने? आणि समोरचा कोणता दिवा आधी लागला होता?"

मामू म्हणाले, "सगळेच दिवे लागले होते. तेलाचा, बॅटरीचा, इंजिनचा."

मिस्त्री हसला. म्हणाला, "इंजिन थांबले आणि चावी चालूच राहिली, तर तेलाचा आणि बॅटरीचा दिवा लागणारच. ते दिवे कारण नव्हेत, परिणाम आहेत. थांबण्याच्या आधी कोणता लागला, ते आठवा."

मुलांनो, ही गोष्ट नीट समजून घ्या. इंजिन फिरते तेव्हाच तेलाचा पंप फिरतो आणि तेलाला दाब मिळतो. इंजिन फिरते तेव्हाच अल्टरनेटर फिरतो आणि वीज तयार होते. इंजिन थांबले की दाब संपतो, वीज संपते आणि दोन्ही दिवे लागतात. म्हणून नंतर लागलेल्या दिव्यावरून कारण ठरवणे चूक आहे. मामूंना आठवले, की पिवळा इंजिनचा दिवा दोन दिवस आधीपासूनच लागलेला होता. गाडी चालत होती, म्हणून त्यांनी तिकडे लक्ष दिले नव्हते.

मिस्त्रीने स्टिअरिंगखालच्या जोडणीत एक लहान यंत्र बसवले. त्याला स्कॅनर म्हणतात. १९८३ साली रस्त्यावर आलेल्या सुरुवातीच्या मारुती ८०० गाडीत कार्बोरेटर असे. तिचा बिघाड कानाने आणि डोळ्यांनीच शोधावा लागे. आजच्या गाडीत एक छोटा संगणक असतो. बिघाड दिसला की तो दिवा लावतो आणि एक संकेतांक लिहून ठेवतो. स्कॅनरवर संकेतांक आला: पी ०३३५. त्याचा अर्थ असा, की क्रँकच्या सेन्सरकडून येणाऱ्या संदेशात दोष आहे.

हा सेन्सर काय करतो? इंजिनला चालण्यासाठी हवा, इंधन आणि ठिणगी लागते. पण ठिणगी अगदी योग्य क्षणी पडावी लागते. त्यासाठी क्रँक या मुख्य दांड्याबरोबर एक दातेरी चाक फिरते. सेन्सर त्याचे दात मोजतो आणि दांडा कुठवर फिरला ते संगणकाला कळवतो. हा संदेश थांबला, की संगणक आंधळा होतो. तो ठिणगी आणि इंधन दोन्ही बंद करतो. टाकी भरलेली असली, तरी गाडी थांबते.

तरीही मिस्त्रीने लगेच सेन्सर बदलला नाही. तो म्हणाला, "संकेतांक गल्ली दाखवतो, घर आपल्याला शोधावे लागते." दोष सेन्सरमध्ये असू शकतो, त्याच्या तारेत असू शकतो किंवा जोडणीत साचलेल्या धुळीतही असू शकतो. त्याने तार पाहिली, ती चांगली होती. जोडणी पुसली. मग मीटरने सेन्सरचा विद्युत रोध मोजला. थंड असताना तो सुमारे ९०० ओहम होता. नंतर त्याने इंजिन तापू दिले. गाडी बंद पडताच पुन्हा मोजले, तर मीटरवर जोडच दिसेना.

तुम्ही विज्ञानात शिकला आहात, की धातू तापल्यावर प्रसरण पावतात. सेन्सरच्या आत केसासारख्या बारीक तारेचे वेटोळे होते. त्यात सूक्ष्म तडा होता. सोलापूरच्या मे महिन्यातील ऊन आणि इंजिनची उष्णता एकत्र आली, की तडा उघडे. थंड झाले, की जुळे. म्हणूनच गाडी अर्ध्या तासाने आपोआप सुरू होत होती. नव्या सेन्सरला पंपाच्या मानाने फारच थोडे पैसे लागले.

आता दिव्यांची भाषा थोडक्यात पाहू. लाल दिवा म्हणजे धोका, पिवळा म्हणजे सावधान, हिरवा आणि निळा म्हणजे केवळ माहिती. चावी फिरवताच बरेचसे दिवे क्षणभर लागतात. ती त्यांची परीक्षा असते. इंजिन सुरू झाल्यावर ते विझले पाहिजेत.

धावत्या गाडीत तेलाचा लाल दिवा लागला, तर सुरक्षित जागा पाहून लगेच इंजिन बंद करावे. तेलाच्या दाबाविना इंजिन थोड्याच वेळात निकामी होते. बॅटरीचा दिवा लागला, तर बहुधा बॅटरी भरली जात नसते. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसावेत. तापमानाचा लाल दिवा लागला, तर थांबावे. पण गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आत दाबाखाली उकळते पाणी असते, ते अंगावर उसळते. पिवळा इंजिनचा दिवा स्थिर असेल, तर सावकाश गॅरेज गाठावे. तो उघडझाप करू लागला, तर वेग कमी करून लवकर थांबावे.

आणि चालती गाडी बंद पडली तर? घाबरू नये. स्टिअरिंग आणि ब्रेक जड होतात, पण काम करतात. ब्रेक एकदाच आणि जोराने दाबून धरावा, सारखा सोडू नये. गाडी पूर्ण थांबेपर्यंत चावी काढू नये, नाहीतर स्टिअरिंगला कुलूप लागते. गाडी कडेला घेऊन चारही इशारादिवे लावावेत. प्रवाशांना रस्त्यापासून दूर उभे करावे. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या क्रमांकावर मदत मिळते.

मामू आता कोणताही दिवा लागला, की आधी वेळ लिहून ठेवतात: केव्हा लागला, गाडी किती तापली होती, पुढे काय झाले. मुलांनो, गाडी असो, माग असो, की परीक्षेतील अडलेले गणित असो, रीत एकच आहे. आधी पाहा, मग विचारा, मग तपासा आणि सर्वांत शेवटी पान्याला हात लावा.

शब्दार्थ
परिचारिका – नर्स
बिघाड – यंत्रातील दोष
संकेतांक – खुणेचा आकडा, कोड
रोध – अडथळा
वेटोळे – गुंडाळी
उघडझाप करणे – लागणे व विझणे
जिवावर बेतणे – जिवाला धोका होणे

स्वाध्याय
१. पंप बदलूनही मामूंची गाडी का थांबली?
२. तेलाचा व बॅटरीचा दिवा हे कारण नसून परिणाम होते, असे मिस्त्री का म्हणाला?
३. 'संकेतांक गल्ली दाखवतो, घर आपल्याला शोधावे लागते.' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
४. वाक्यात उपयोग करा: जिवावर बेतणे, संकट टळणे, वाया जाणे.
५. तुमच्या घरातील एखादे यंत्र बंद पडल्यावर बिघाड कसा सापडला, ते आठ-दहा ओळींत लिहा.