जड ते बुडतं, मग कलिंगड का तरंगतं?

लेखमाला : करून पाहताना – भाग ७

तिसरी-चौथीच्या वर्गात पाण्यानं भरलेलं घमेलं मधोमध ठेवायचं आणि स्टीलचा चमचा हातात धरून विचारायचं, "हा सोडला तर काय होईल?"

"बुडेल!"

"कशावरून?"

"जड आहे ना बाई!"

चमचा बुडतो, वर्ग खूश. मग स्टीलचीच, पण चमच्याहून जड असलेली वाटी पाण्यावर अलगद ठेवायची. ती तरंगते. या क्षणी बाईंनी किंवा सरांनी काहीही बोलायचं नाही.

ऐकायला सोपं वाटतं, पण करायला भलतंच कठीण. बुडणं-तरंगणं हा प्राथमिक शाळेतल्या भौतिकशास्त्राचा सगळ्यात स्वस्त धडा आहे. घमेलं, पाणी आणि दप्तरातला पसारा एवढ्यावर भागतं. अडचण एवढीच की शिक्षकाला उत्तर माहीत असतं आणि ते जिभेच्या टोकावर येऊन बसलेलं असतं. मेरी बड रो या अमेरिकी संशोधक बाईंनी वर्गातलं विज्ञानाचं बोलणं ध्वनिमुद्रित करून तपासलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदसुद्धा थांबत नाहीत, असं त्यांना आढळलं. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर प्रश्न दुसऱ्याकडे जातो किंवा शिक्षकच उत्तर देऊन मोकळे होतात. थांबणं तीन सेकंदांपर्यंत वाढवलं तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागली आणि मुलं एकमेकांना प्रश्न विचारू लागली. हे १९७० च्या दशकातलं काम आहे. मनात 'एक, दोन, तीन' म्हणायला कुठल्याही साहित्यपेटीची गरज लागत नाही, तरी आपल्याकडच्या प्रशिक्षणांत याचा सराव क्वचितच होतो.

आता वस्तूंकडे वळू. या धड्याची नेहमीची कार्यपत्रिका म्हणजे दोन रकाने, 'तरंगणाऱ्या वस्तू' आणि 'बुडणाऱ्या वस्तू'. एकीकडे पान, पीस, थर्माकोल. दुसरीकडे दगड, खिळा, नाणं. मूल ते बिनचूक भरतं आणि घमेल्याकडे न बघताही भरतं, कारण या याद्यांमध्ये हलकं ते तरंगतं आणि जड ते बुडतं हेच आधीपासून बसवलेलं आहे. मुलाच्या मनातला चुकीचा नियम त्यानं आणखी पक्का होतो. मला विचाराल तर असली कार्यपत्रिका न भरलेलीच बरी.

त्याऐवजी नियमाला अडचणीत आणणाऱ्या वस्तू निवडाव्यात. पाच-सहा किलोचं अख्खं कलिंगड पाण्यावर तरंगतं. वाळूचा एक कण बुडतो. संत्रं सालीसकट तरंगतं. तेच सोललं तर बहुतेक वेळा तळाशी जातं, आणि साल काढल्यावर ते हलकंच झालेलं असतं! (नागपुरी संत्र्याची साल सैल आणि आत मधोमध पोकळी, त्यामुळे एखादं हट्टी निघू शकतं, आदल्या दिवशी घरी करून पाहा.) बटाटा बुडतो, वांगं तरंगतं. खडू आधी बुडबुडे सोडतो आणि मग खाली जातो. या प्रत्येक वस्तूबाबत अंदाज आधी वहीत लिहून घ्यायचा आणि त्यापुढे 'कारण' या शब्दाखाली एक ओळ. लिहिलेला अंदाज खोडायचा नाही, ही अट. अंदाज फसला की मूल चाचपडतं, आणि विचाराला खरी सुरुवात तिथून होते.

अशा वेळी मुलं काय म्हणतात ते फळ्यावर त्यांच्याच शब्दांत उतरवावं. जड आहे, मोठं आहे, आत हवा आहे, पसरट आहे, लोखंडाचं आहे, भोक आहे. ज्याँ पियाजे यांनी १९२० च्या दशकात जिनिव्हातल्या मुलांना जहाजं आणि खडे यांबद्दल विचारलं होतं. लहान मुलं जहाज मोठं आणि जड, म्हणजे ताकदवान, म्हणून तरंगतं असं सांगत आणि खडा जड आहे म्हणून बुडतो असंही सांगत. दोन्हींत काही विसंगती आहे असं त्यांना वाटत नसे. आपल्या वर्गातही हेच ऐकू येईल. ऐकून हसू नये. यादी जशी आहे तशी ठेवावी आणि 'यातलं कोणतं कारण सगळ्या वस्तूंना लागू पडतं?' एवढंच विचारावं. मुलं स्वतःच एकेका ओळीवर काट मारू लागतात. 'पसरट आहे' ही ओळ मात्र सहजी मरत नाही.

मरू नये, हेही खरं. कारण एखादी मुलगी हमखास शिवणाची सुई आणते आणि टिपकागदाच्या तुकड्यावर ठेवून ती पाण्यावर तरंगवून दाखवते. कागद भिजून खाली जातो, सुई वर राहते. स्टीलची आणि भरीव! इथं भले भले शिक्षक गडबडतात आणि 'ते वेगळं आहे, ते सोड' म्हणतात. त्यांनी संकोच करू नये, कारण याच मुद्द्यावर चारशे वर्षांपूर्वी फ्लॉरेन्समध्ये जाहीर भांडण झालं होतं.

१६११ चा उन्हाळा. बर्फ पाण्यावर का तरंगतो, यावरून विद्वानांची चर्चा पेटली. ॲरिस्टॉटलचे अनुयायी म्हणत, बर्फ म्हणजे घट्ट झालेलं पाणी, म्हणजे पाण्याहून जड. तो तरंगतो ते त्याच्या पसरट आकारामुळे. गॅलिलिओचं म्हणणं, बर्फ पाण्याहून हलका आहे म्हणून तरंगतो, आकाराचा संबंध नाही. तेव्हा लोदोविको देल्ले कोलोंबे नावाच्या विरोधकानं आबनुसाचा एक गोळा आणि एक पातळ चकती आणून लोकांपुढे प्रयोग केला. गोळा बुडाला, चकती तरंगली. लाकूड तेच, पाणी तेच, बदलला फक्त आकार. गॅलिलिओ हरल्यातच जमा! त्यानं चकतीकडे नीट पाहिलं. ती पाण्याच्या पातळीवर नव्हती. पातळीच्या किंचित खाली, पाण्यात पडलेल्या उथळ खळग्यात बसली होती, आणि कडांशी पाणी वर उचललेलं होतं. तीच चकती पूर्ण भिजवून पाण्याखाली सोडली तर तळाशी जाते. गॅलिलिओनं त्याचं कारण म्हणून चकतीला चिकटलेल्या हवेकडे बोट दाखवलं. पृष्ठताणाची नीट मांडणी व्हायला त्यानंतर जवळपास दोनशे वर्षं लागली. हा वाद मेदिची दरबारात जेवणाच्या पंगतीपर्यंत पोचला. तिथं गॅलिलिओची बाजू घेणारे कार्डिनल माफेओ बार्बेरिनी पुढे पोप झाले आणि १६३३ साली गॅलिलिओवर खटला चालला तो त्यांच्याच कारकिर्दीत. पण ते आपल्या घमेल्याबाहेरचं. गॅलिलिओनं १६१२ मध्ये पाण्यावर तरंगणाऱ्या वस्तूंविषयीचं पुस्तक प्रसिद्ध केलं, तेही विद्वानांच्या लॅटिनमध्ये नव्हे, लोकांच्या इटालियनमध्ये.

म्हणून सुई आणणाऱ्या मुलीला 'ते सोड' म्हणण्याऐवजी एकच सांगावं : खाली वाक, डोळे पाण्याच्या रेषेत आण आणि सुईच्या आजूबाजूचं पाणी कसं दिसतं ते काढून दाखव. मग साबणाचा एक थेंब बाजूला टाक. सुई बुडते. वाटीचं काय होतं? ती साबणाच्या पाण्यातही तशीच तरंगते. म्हणजे दोघींच्या तरंगण्याची कारणं एक नाहीत. हे मुलांना कळलं की सुई बाजूला ठेवता येते, आणि तीही शिक्षकानं दटावलं म्हणून नव्हे, सगळ्यांच्या संमतीनं.

आता मुख्य प्रयोग. यासाठी झाकण घट्ट बसणारी प्लास्टिकची छोटी डबी हवी, हळद-कुंकवाची चालेल. तशाच दोन मिळवा. एकीत चमच्या-चमच्यानं वाळू भरत जा, दर वेळी झाकण लावून पाण्यात सोडा. सुरुवातीला डबी कलंडून वरच राहते. मग थोडी खाली, मग आणखी खाली. शेवटी असा एक चमचा येतो की ती जेमतेम पाण्याखाली जाते. तिथं थांबा. तिला पुसून मागच्या भागात केलेल्या हँगरच्या तराजूत एका वाटीत ठेवा. दुसऱ्या वाटीत दुसरी डबी, काठोकाठ पाणी भरून, झाकण लावून. तराजू जवळजवळ समतोल होतो.

आता आकारानं मोठ्या डबीवर हेच करा. ती बुडवायला वाळू किती तरी जास्त लागेल, पण पाणी भरलेल्या तशाच डबीबरोबर तिचाही तराजू जुळेल. ओळीनं तीन-चार डब्या झाल्या की वर्गात कुणीतरी म्हणतंच, "डबीत मावेल तेवढ्या पाण्यापेक्षा डबी जड झाली की ती बुडते." वाक्य ओबडधोबड असेल, पण ते मुलांचं आहे आणि बरोबर आहे. ते फळ्यावर त्याच शब्दांत लिहावं. शिक्षकांसाठी एक सूचना : स्टीलची डबी घेऊ नका. पातळ प्लास्टिकची घनता पाण्याच्या जवळपास असल्यामुळे डबीच्या भिंतीचा हिशेबावर फारसा परिणाम होत नाही. स्टील पाण्याच्या जवळपास आठपट घन. पाणी भरलेली स्टीलची डबी सरळ बुडते आणि जुळणारा तराजू बिनसतो.

हा नियम हाती आला की वाटीचं कोडं सुटायला फार वेळ लागत नाही. वाटीचं स्टील थोडं, पण ती पाण्यात जागा व्यापते ती आतल्या पोकळीसकट. कलिंगड जड खरं, पण कलिंगडाएवढं पाणी त्याहूनही जड. पाचवीच्या मुलांना इथं हिशेबही करता येतो. स्वयंपाकघरातल्या फॉइलची १० सेंटिमीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद आणि २ सेंटिमीटर उंच नाव करा. काठोकाठ बुडाल्यावर ती २०० घनसेंटिमीटर जागा घेईल, म्हणजे २०० ग्रॅम पाण्याची. २०११ च्या मालिकेतलं एक रुपयाचं नाणं ३.७९ ग्रॅमचं. मग किती नाणी मावतील? हिशेबानं पन्नासेक. प्रत्यक्षात कुठली तरी कड वाकते आणि त्याच्या आधीच पाणी आत येतं. ते का, हा आणखी एक तास. कोचीत बांधलेली, २०२२ मध्ये नौदलात दाखल झालेली विक्रांत सुमारे ४५,००० टनांची आहे असं आपण म्हणतो, तेव्हा तो आकडा ती बाजूला सारते त्या पाण्याच्या वजनाचाही असतो. हे ऐकून पाचवीतली मुलं आपल्या फॉइलच्या नावेकडे थोड्या आदरानं बघतात.

पाणी बदललं तर? ग्लासभर पाण्यात बटाट्याचा तुकडा बुडतो. मीठ घालत गेलं, चांगलं तीन-चार चमचे, की तो वर येतो. बटाटा आहे तेवढाच आहे, त्याच्याएवढं पाणी आता जड झालं. कोकणातल्या आणि मावळातल्या मुलांना हे प्रयोगशाळेतलं वाटणार नाही. भाताचं बी पेरायच्या आधी ते मिठाच्या पाण्यातून काढायची शिफारस कृषी खातं गेली कित्येक वर्षं करत आलं आहे : १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ, त्यात बी ओतून ढवळायचं, वर तरंगणारे पोचट दाणे काढून टाकायचे आणि तळाशी राहिलेलं भरीव बी स्वच्छ पाण्यानं दोनदा धुऊन सावलीत वाळवायचं. घरी कुणी हे करत असेल तर मुलांनी एकच प्रश्न विचारून यावं : साधं पाणी का नाही चालत? मग दोन पेल्यांत, एक साधा आणि एक मिठाचा, मूठमूठ भात टाकून किती दाणे वर राहतात ते मोजावं. आई-वडिलांना माहीत असलेली गोष्ट शाळेच्या वहीत मोजून लिहिली जाते, तेव्हा घरातलं शहाणपण आणि पुस्तकातलं शहाणपण यांतली भिंत थोडी तरी खचते.

'एवढं सगळं शोधून काढत बसलो तर अभ्यासक्रम कधी संपणार?' हा प्रश्न येणारच. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये १६ माध्यमिक शाळांतून जो विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, त्यालाही हाच प्रश्न विचारला गेला होता. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी तो सुरू केला, पुढे एकलव्यनं सांभाळला. त्याच्या 'बाल वैज्ञानिक' पुस्तकांत प्रयोग होते, प्रश्न होते, उत्तरं नव्हती. आणि परीक्षेला पुस्तक-वही सोबत नेण्याची मुभा होती. उत्तरं पुस्तकात नसल्यानं मुलांना ती स्वतःच्या निरीक्षणांतून काढावी लागत. शासनानं २००२ मध्ये कार्यक्रम बंद केला. कारणांवर आजही वाद होतो. पण तो तीस वर्षं सरकारी शाळांत, सरकारी शिक्षकांच्या हातून चालला, ही गोष्ट वादातीत आहे.

माझं मत विचाराल तर घनतेचं सूत्र चौथीला अजिबात नको. वस्तुमान भागिले आकारमान हे लिहून दिलं की मुलं ते पाठ करतात आणि संत्र्याकडे बघायचं सोडून देतात. सहावी-सातवीत ते येईल तेव्हा ज्यांनी डब्या तोलल्या आहेत त्यांना ते ओळखीचं वाटेल. चौथीच्या मूल्यमापनात विचारायचंच असेल तर एक न पाहिलेली वस्तू द्या, कैरी, सुपारी, मेणबत्तीचा तुकडा, काहीही. आणि अंदाज, कारण, करून पाहिलेलं आणि मग बदललेलं कारण, अशा चार ओळी लिहायला सांगा. गुण बरोबर अंदाजाला देऊ नका. बदललेल्या कारणाला द्या.

पुढच्या भागात सावली. त्यासाठी पटांगणावर ऊन पडणारी सपाट जागा, सरळ रोवता येईल अशी एक काठी आणि दिवसभर पुरेल एवढे खडू लागतील. संत्र्याचा प्रयोग त्याआधी उरकून घ्या. साल मात्र टाकू नका, तिचे तुकडे वेगळे पाण्यात सोडून बघायचे राहिलेत.